बोटाच्या पेराएवढं अक्षर

ज्वारीचं पीठ किती मळलं की भाकरी चिरत नाही, हे आपल्याला कुणी पाटीवर लिहून शिकवलेलं नसतं. हाताखालचं पीठच ते सांगतं. तांदूळ निवडताना आपले डोळे टीव्हीवरच्या मालिकेत असतात, तोंड शेजारणीशी बोलत असतं, पण खडा आला की बोट बरोबर थांबतं. लाइट गेली तरी फडताळातला मिठाचा डबा कोणता आणि साखरेचा कोणता हे हाताला कळतं. साडीच्या दुकानात तर आपण आधी पदर चिमटीत धरून पाहतो, किंमत नंतर!

म्हणजे बोटांना पुष्कळ कळतं. पण बोटांना वाचता येईल का? एखादी गोष्ट, एखादं पत्र, गणिताचं पुस्तक बोटाने वाचता येईल का? सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने या प्रश्नाचं उत्तर शोधलं. त्याचं नाव लुई ब्रेल. नाव आपल्या ओळखीचं आहे. त्याच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा, २००९ मध्ये, आपल्या सरकारने त्याचा चेहरा असलेलं दोन रुपयांचं नाणंही काढलं होतं. भाजीवालीने सुट्टे म्हणून दिलेल्या नाण्यांतून ते कदाचित तुमच्याही पर्समध्ये येऊन गेलं असेल.

शाळेच्या पुस्तकात त्याची गोष्ट साधारण चार ओळींत संपते. लहानपणी डोळे गेले, ठिपक्यांची लिपी शोधली, अंधांवर उपकार झाले, संपलं. मला मात्र त्या चार ओळींच्या मधली गोष्ट जास्त ओढून घेते. त्याच्या आधीही अंध मुलांसाठी पुस्तकं होती की! मग या मुलाने नेमकं वेगळं काय केलं? आणि केलं, तर त्याच्याच शाळेने त्याला आडकाठी का केली?

पॅरिसच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर कूव्रे नावाचं गाव आहे. तिथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म झाला. चार भावंडांतलं हे शेंडेफळ. वडील सिमों-रने ब्रेल घोड्यांची खोगिरं, लगाम, पट्टे बनवायचे. आपल्याकडे जिनगर करत तेच काम. गावात मान होता, हाताखाली काम भरपूर होतं. लुई वडिलांच्या कारखान्यात कातड्याच्या तुकड्यांशी खेळत मोठा होत होता. तीन वर्षांचा असताना, १८१२ मध्ये, त्याने वडिलांचं बघून कातड्याला भोक पाडायला आरी हातात घेतली. ती सटकली आणि थेट डोळ्यात घुसली.

पुढचं सांगताना आजही पोटात गोळा येतो. त्या काळी ना जंतूंची कल्पना, ना प्रतिजैविकं. एका डोळ्याची जखम चिघळली, मग दुसराही डोळा गेला. पाचव्या वर्षापर्यंत पोर पूर्ण आंधळं झालं.

त्या काळच्या फ्रान्समध्ये अंध मूल म्हणजे बहुतेक वेळा भीक मागणारं मूल. नाहीतर जत्रेत उभं करून हसायचं साधन. लुईचे आईवडील मात्र वेगळे निघाले. वडिलांनी त्याला काठ्या करून दिल्या, त्या टेकवत तो गावभर फिरू लागला. लाकडावर खिळे ठोकून वडिलांनी अक्षरांचे आकार केले आणि त्यावरून त्याचं बोट फिरवून अक्षरओळख करून दिली. गावात नव्याने आलेले धर्मगुरू पालुई त्याला शिकवू लागले आणि पुढे गावच्या शाळेत इतर मुलांच्या शेजारी तो बसू लागला. ऐकलेलं सगळं त्याच्या लक्षात राहायचं. पण शाळेत मुलं पुस्तक उघडायची तेव्हा त्याला हात मांडीवर ठेवून बसून राहावं लागे.

फेब्रुवारी १८१९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, वडिलांनी त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय संस्थेत नेऊन सोडलं. इमारत जुनी, कमालीची ओलसर, कोंदट. याच ओलीने पुढे त्याच्या छातीचा घात केला असावा, असं त्याच्या चरित्रकारांना वाटतं.

ही संस्था कशी सुरू झाली तेही ऐकण्यासारखं आहे. व्हॅलेंटिन आयुई नावाच्या गृहस्थांनी १७७१ मध्ये पॅरिसच्या एका जत्रेत अंध माणसांना विदूषकाचे कपडे घालून, नाकावर खोटे चश्मे चढवून बसवलेलं पाहिलं. लोक पोट धरून हसत होते. आयुईंना ते फार लागलं. पुढे १७८४ मध्ये व्हिएन्नाची अंध पियानोवादक मारिया थेरेसिया फॉन पाराडिस पॅरिसला कार्यक्रमांसाठी आली. ही बाई उशीत टाचण्या खोचून अक्षरं जुळवायची आणि बोटांनी वाचायची! तिला भेटून आयुईंची खात्री पटली की अंध माणूस शिकू शकतो. त्यांनी शाळा काढली आणि अंधांसाठी पुस्तकंही छापली. मला वाटतं, या कथेत पाराडिसबाईंचं नाव यायलाच हवं, आणि ते बहुतेक ठिकाणी राहून जातं.

आयुईंची पुस्तकं कशी होती? नेहमीचीच रोमन अक्षरं, पण मोठी, आणि ओल्या जाड कागदावर दाबून उठाव आणलेली. मुलांनी बोट फिरवायचं आणि आकार ओळखायचा. कल्पना चांगलीच होती, त्या आधी तर काहीच नव्हतं. पण एकेक पुस्तक उचलायला जड, छापायला महाग, त्यामुळे शाळेत पुस्तकं मोजकीच. आणि वाचायला वेळ किती लागायचा! वाक्याच्या शेवटापर्यंत येईतो सुरुवात विसरून जावी.

असं का होत असेल? एक करून बघा. गळ्यातल्या मंगळसूत्राच्या वाटीवर किंवा बांगडीवर नक्षी असेल, तर डोळे मिटून ती नुसत्या बोटाने ओळखायचा प्रयत्न करा. डोळा वेलबुट्टी एका नजरेत टिपतो. बोटाला मात्र ती तुकड्यातुकड्याने कळते, इकडे वळली, तिकडे गेली, परत आली. मग मनात सगळं जोडावं लागतं. रोमन अक्षरं डोळ्यासाठी तयार झालेली. ती उचलून बोटाखाली ठेवली आणि बोटाला सांगितलं की आता तू डोळ्यासारखं बघ. त्या मुलांची बोटं बिचारी तेच करायला धडपडत होती.

शिवाय दुसरी अडचण होती, आणि ती मला पहिलीहून मोठी वाटते. या पद्धतीत मुलांना वाचता तरी येत होतं, पण स्वतः लिहिता काही येत नव्हतं. उठावाची अक्षरं छापखान्यातच व्हायची. म्हणजे कुणी दिलेलं तेवढं वाचायचं. आपल्या मनातलं कागदावर उतरवायचं नाही, घरी पत्र लिहायचं नाही, मैत्रिणीला चिठ्ठी नाही. पत्र लिहायचं तर दुसऱ्याला सांगून, आणि आलेलं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकून. आपल्या आज्यांना पोस्टमनकडून पत्र वाचून घ्यावं लागायचं, त्यात सासरचं दुःख कुठून लिहिणार होत्या त्या? ही कोंडी आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिए नावाचे, पूर्वी लष्करात असलेले गृहस्थ आपली नवी लिपी घेऊन शाळेत आले. ही लिपी त्यांनी रात्रीच्या अंधारात सैनिकांना निरोप वाचता यावेत म्हणून बनवली, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. त्यांच्या स्वतःच्या लिखाणात मात्र, अलीकडच्या अभ्यासकांच्या मते, शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांची आणि अंधांची काळजी जास्त दिसते. ते असो. महत्त्वाचं हे की त्यांच्या लिपीत रेघा नव्हत्या, फक्त कागदातून वर आलेले ठिपके होते. आणि ते साध्या टोचणीने कुणालाही कागदावर उमटवता येत होते.

मुलं हरखली. बारा वर्षांच्या लुईच्या बोटाला लगेच कळलं की ठिपका रेघेपेक्षा स्पष्ट लागतो. पण त्याला अडचणीही तितक्याच लवकर कळल्या. बार्बिएंच्या एका चिन्हात उभ्या दोन ओळी आणि प्रत्येकीत सहापर्यंत ठिपके. म्हणजे चिन्ह एवढं उंच की बोट वरखाली फिरवल्याशिवाय ते पुरतं कळायचं नाही. शिवाय त्यात अक्षरं नव्हती, नुसते ध्वनी. शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत, संगीत लिहायची सोय नाही. थोडक्यात, निरोपापुरतं ठीक, पण शिक्षणाला अपुरं.

मग तीन वर्षं या मुलाने दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. दिवसा शाळा, रात्री आणि सुट्टीत गावी गेला की हातात कागद आणि टोचणी. १८२४ पर्यंत, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्याची लिपी उभी राहिली.

काय केलं त्याने? ठिपके बाराचे सहा केले. ऐकायला एवढंच. पण त्या सहामागे एक साधी आणि फार शहाणी गोष्ट आहे. त्याने बोटाचं माप घेतलं. सापशिडीच्या फाशावर सहाचं दान असतं ना, तीन-तीन ठिपक्यांच्या दोन उभ्या ओळी, तसं ते घर. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. हे अख्खं घर बोटाच्या पेराखाली एका स्पर्शात मावतं. बोट वरखाली न्यायला नको, नुसतं ओळीवरून सरकवत जायचं. आज ब्रेलमधल्या दोन ठिपक्यांतलं अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असतं. बोटाच्या टोकाला दोन टोकं दोन मिलिमीटरपेक्षा जवळ टेकवली तर ती एकच असल्यासारखी वाटतात. म्हणजे ठिपके याहून फार जवळ आले तर ते एकात एक मिसळतील, आणि लांब गेले तर बोटाबाहेर जातील. मोजमापाची यंत्रं हाताशी नसताना त्याने हे गणित जमवलं, कारण वाचणारं बोट त्याचं स्वतःचंच होतं. डोळस माणसाला हे सुचलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रांगोळी काढणाऱ्या आपल्याला पुढचं गणितही सोपं जाईल. सहा जागा, प्रत्येक जागी ठिपका एक तर आहे नाहीतर नाही. अशा ६३ वेगवेगळ्या आकृत्या होतात. पहिल्या दहा अक्षरांसाठी त्याने फक्त वरचे चार ठिपके वापरले. पुढच्या दहांसाठी त्याच आकृत्या आणि खाली डावीकडे आणखी एक ठिपका. त्याच्या पुढच्यांसाठी खालचे दोन्ही. म्हणजे दहा पाठ झाली की पुढची आपोआप येतात. त्याच पहिल्या दहांच्या आधी एक खूण ठेवली की ते आकडे होतात. संगीताच्या स्वरांसाठी पुन्हा याच सहा ठिपक्यांची वेगळी मांडणी.

लिहायचं कसं? खाचा असलेल्या पाटीत कागद अडकवायचा आणि टोचणीने ठिपके पाडायचे. ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला वर येतो, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे! आणि ही टोचणी दिसते कशी, तर वडिलांच्या कारखान्यातल्या आरीची धाकटी बहीण.

१८२९ मध्ये, विशीत असताना, त्याने आपली पद्धत समजावणारं पुस्तक प्रसिद्ध केलं. गंमत अशी की ते पुस्तक छापलं गेलं जुन्याच उठावाच्या रोमन अक्षरांत. पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर काही आडव्या रेघाही होत्या. त्या टोचणीने काढायला आणि बोटाला ओळखायला त्रास होतो असं दिसल्यावर १८३७ च्या आवृत्तीत त्याने त्या काढून टाकल्या. आपलंच काम पुन्हा तपासणारा माणूस होता तो.

एव्हाना लुई त्याच संस्थेत शिक्षक झाला होता. व्याकरण, भूगोल, गणित आणि संगीत शिकवायचा. चेलो वाजवायचा, पियानो वाजवायचा आणि पॅरिसच्या मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरीही करायचा. स्वभावाने शांत, अडलेल्याला गुपचूप पैसे देणारा. वडील १८३१ मध्ये गेले. आणि १८३५ च्या सुमाराला त्याला खोकल्याने धरलं. क्षय होता. त्या काळी क्षयाला औषध नव्हतं. दम लागला की गावी जायचं, थोडं बरं वाटलं की परत यायचं आणि शिकवायचं, असं पुढची सोळा-सतरा वर्षं चाललं.

आता शाळेच्या आडकाठीची गोष्ट. आधीचे संचालक पिन्ये यांची लुईवर माया होती. मान्यता नसली तरी मुलांना ठिपके वापरू देत. १८४० मध्ये ते गेले आणि द्युफो संचालक झाले. त्यांनी ठिपक्यांना मनाई केली. कारण वरवर पाहिलं तर पटण्यासारखं होतं. अंधांची लिपी डोळसांपेक्षा वेगळी असली तर अंध माणसं समाजापासून तुटतील. आपण सगळे ज्या अक्षरांत वाचतो त्याच अक्षरांत त्यांनी वाचावं, यातच त्यांचं भलं!

हे वाचताना मी थांबले. कारण हे वाक्य आपण बायका वेगवेगळ्या रूपांत ऐकत असतोच. तुझं भलं कशात आहे ते आम्हाला कळतं. ज्यांना ती अक्षरं बोटाने वाचायची नव्हती, त्यांनीच ठरवलं की बोटाने तीच अक्षरं वाचावीत. आणि आणखी एक न बोललेलं कारण असणार. मुलं ठिपक्यांत लिहू लागली तर डोळस शिक्षकांना ते वाचायला नव्याने शिकावं लागणार, वर्गात मुलांना जास्त कळणार आणि गुरुजींना कमी!

पण मुलांनी ऐकलं नाही. चोरून लिहीत राहिली, एकमेकांना शिकवत राहिली. एकदा स्वतःच्या हाताने लिहिता येऊ लागलं की ते कुणी परत कसं काढून घेणार? शेवटी द्युफोंचे सहायक जोसेफ ग्वादे यांच्या हे ध्यानात आलं. त्यांनी संचालकांचं मन वळवलं. फेब्रुवारी १८४४ मध्ये संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं गेलं. एका मुलाला कविता सांगितली, त्याने ती ठिपक्यांत टोचून घेतली. खोलीबाहेर थांबवलेल्या दुसऱ्या मुलाला आत बोलावलं आणि त्याने कागदावर बोट ठेवून ती घडाघडा वाचून दाखवली. तेव्हा लुई पस्तिशीत होता, तब्येत खालावलेली. वीस वर्षांपूर्वी केलेल्या कामाला त्याच्या शाळेने त्या दिवशी सर्वांसमोर आपलं म्हटलं.

मधल्या काळात त्याने आणखी एक काम केलं होतं, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ब्रेलमध्ये अंध माणूस अंध माणसाला लिहू शकत होता, पण घरी डोळस आईला पत्र कसं लिहिणार? १८३९ मध्ये त्याने नेहमीच्या अक्षरांचेच आकार ठिपक्यांनी काढायची पद्धत बसवली, डोळसांना सरळ वाचता येतील असे. मग त्याच संस्थेत शिकलेल्या पिएर फूको या अंध मित्राने त्यासाठी यंत्र बनवलं. टाइपरायटर बाजारात यायच्या कित्येक वर्षं आधी दोन अंध माणसांनी मिळून लिहिण्याचं यंत्र चालवून दाखवलं होतं. म्हणजे अंधांना समाजापासून तोडायचं हा आरोप ज्याच्या लिपीवर होता, त्यानेच दोन्हींकडचा पूल बांधला होता.

६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झालेले असताना, लुई गेला. त्याने एक छोटी पेटी न उघडता जाळायला सांगितली होती. लोकांनी उघडलीच. आत विद्यार्थ्यांना दिलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या निघाल्या. त्याच्या जाण्याने वर्तमानपत्रांना काही फरक पडला नाही. दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, फ्रान्सने त्याची लिपी अधिकृत केली. १८७८ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला पसंती दिली. शंभर वर्षांनी, १९५२ मध्ये, त्याच्या अस्थी थोरामोठ्यांच्या समाधिस्थानात, पॅरिसच्या पँथिऑनमध्ये समारंभाने नेल्या. हात मात्र कूव्रेकरांनी आपल्या गावातच ठेवून घेतले.

मी स्वतः एकदा एका प्रदर्शनात डोळे मिटून ब्रेलच्या पानावर बोट फिरवून पाहिलं. खसखस सांडल्यासारखं लागलं, दुसरं काही नाही. शेजारी उभी असलेली शाळकरी मुलगी तेच पान माझ्या बोलण्याच्या वेगाने वाचत होती. बोटाची कातडी तिची आणि माझी सारखीच. मग फरक कुठे?

फरक डोक्यात पडतो, असं आता शास्त्रज्ञ सांगतात. आपल्या मेंदूचा मागचा भाग डोळ्यांकडून आलेलं चित्र समजून घेतो. जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून अंध असलेल्यांमध्ये हा भाग रिकामा पडून राहत असेल, असा समज होता. १९९६ मध्ये शास्त्रज्ञांनी लहानपणीच अंध झालेली माणसं ब्रेल वाचत असताना त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. तर हाच बघण्याचा भाग जागा होऊन काम करत होता! बोटाकडून आलेला ठिपका मेंदूने बघण्याच्या खोलीत नेऊन ठेवला होता. २००० साली स्पेनमधल्या एका जन्मांध बाईंची हकिगत प्रसिद्ध झाली. आयुष्यभर त्या सफाईने ब्रेल वाचत होत्या. मेंदूच्या मागच्या भागाला पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचं वाचन गेलं. बोटांची संवेदना शाबूत होती, ठिपके आहेत हे लागत होतं, पण त्यांची अक्षरं होईनात. म्हणजे त्या इतकी वर्षं ज्याने वाचत होत्या, तो भाग बघण्यासाठी असलेलाच होता. लुईला यातलं काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने बोटाला जमेल असं अक्षर दिलं, मेंदूने पुढची सोय स्वतः करून घेतली.

आपल्या देशात अंध मुलांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला अ‍ॅनी शार्प यांनी काढली, आणि मुंबईत १९०० मध्ये अ‍ॅना मिलर्ड यांनी. दोघीही बायकाच, बरं का! मुंबईची ती शाळा आज दादरला कमला मेहता यांच्या नावाने ओळखली जाते, मुलींसाठी. त्या काळी भारतात ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालत. एकीकडे शिकलेल्याला दुसरीकडचं वाचता येत नसे. १९५१ मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी मिळून भारती ब्रेल ठरली. तीच मराठीलाही लागू झाली. आपला ‘क’ म्हणजे १ आणि ३ नंबरचे ठिपके, ‘ल’ म्हणजे १, २, ३. काना, वेलांटी वर-खाली-मागे-पुढे लावायची भानगड नाही. ज्या क्रमाने बोलतो त्या क्रमाने अक्षरं मांडायची. कागदावर पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, ब्रेलमध्ये ती मुकाट्याने नंतर येते. २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, तेव्हा मराठीत असं नियतकालिक पहिल्यांदाच निघालं.

आता मोबाइल वाचून दाखवतो, पुस्तकं ऐकता येतात, तेव्हा ब्रेल कशाला, असं पुष्कळजण विचारतात. ऐकण्याची सोय मोठीच आहे, नाकारायचं कारण नाही. ब्रेलचीही नवी यंत्रं आली आहेत. संगणकाला जोडलेल्या पट्टीवर बारीक टाचण्या वर येतात, खाली जातात आणि बोटाखाली ओळीमागून ओळ उमटत राहते. ती महाग आहेत, छोट्या गावातल्या शाळेला परवडणारी नाहीत, त्यामुळे मोबाइलवर भागवायचा मोह होतो. पण जिने भाषा फक्त ऐकली, तिला शब्द कुठे तुटतो, स्वल्पविराम कुठे येतो, वेलांटी पहिली की दुसरी हे कुठून कळणार? परीक्षेला बसायचं, अर्ज लिहायचा, नोकरी करायची तर हे यायला नको का? ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन शब्द मोबाइलच्या आवाजात जवळजवळ सारखेच लागतात. बोटाखाली मात्र पहिल्यात ‘द’नंतर २ आणि ४ नंबरचे ठिपके येतात आणि दुसऱ्यात ३ आणि ५.